निखारा पंथातली कोरगावची

माझ्या सुनेने मला तिच्या खेळात बसवलं ते केवळ एक माणूस कमी पडला म्हणून.

आमचं घर सर्वणला. सून बेळगावची. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती काम करते. माझा मुलगाही तिथेच होता, तिथेच दोघांचं जमलं आणि लग्न होऊन ती आमच्याकडे आली. पहिले कित्येक महिने आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून वागायचो. "आई, आमटीत मीठ बरोबर आहे काय?" "बरां आसा गो." झालं, बोलणं संपलं. भांडण कधी नव्हतं. पण घरात दिवाळीचा पाहुणा आला आणि परत जायचं विसरला, तसं काहीतरी आमच्या दोघींमध्ये होतं. ती तिकडच्या मुलींसारखं "मी येतो", "मी जातो" म्हणायची. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला ते ऐकायला आवडायचं, पण आवडतं हे सांगायचं कसं, ते कळत नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मेज पुसून घ्यायची आणि त्यावर तिचा खेळ मांडला जायचा. खेळ म्हणजे पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं. गोष्टीत समोर दरोडेखोर आले तर तू काय करतोस, असं विचारलं जातं. जो तो आपापलं सांगतो. जमलं की फसलं ते फासा ठरवतो, आणि फासाही आवळ्याएवढा, वीस बाजूंचा. गोष्ट सांगायची माझी सून. खेळायला माझा मुलगा, त्याची पेडण्याच्या शाळेत शिकवणारी मैत्रीण आणि आणखी एक मित्र. या मित्राला मोपाच्या विमानतळावर नोकरी लागली आणि त्याची रविवारची ड्युटी ठरून गेली.

त्या रविवारी तिघं मेजाभोवती तोंडं पाडून बसली होती. मी ताटं पुसत होते.

"आई, तुम्ही बसता काय?" सून म्हणाली.

मी काही बोलायच्या आत मुलगा हसला. "आई? तिका जमाचां नाय."

मी हातातलं ताट ठेवलं, कदेल ओढलं आणि बसले. सगळी हयात अंगणवाडीत काढली मी. तीस-तीस पोरांना एका जागी बसवून रोज नवी गोष्ट सांगितली. मला जमायचं नाही म्हणे!

सुनेने माझ्यासमोर कागद पसरले. यातलं एक पात्र निवडायचं होतं. तलवारवाला, धनुष्यवाला, चोर, मांत्रिक. मी एकेक उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"हातात काही नसलेलं नाय का गो? तलवारी सांभाळीत कोण बसतलां?"

ती जरा घुटमळली. मग सगळ्यात खालचा एक कागद तिने ओढून काढला. "एक आहे, आई. पण हे पुस्तकातलं नव्हे. माझं मीच लिहिलंय. अजून कुणी खेळलं नाही बघा."

"तां कच्चां आसा," मुलगा म्हणाला.

त्या कागदावर वर लिहिलं होतं: निखारा पंथ. हे डोंगरावरच्या मठात राहणारे लढवय्ये. शस्त्र धरत नाहीत. श्वासातून आग जागी करतात आणि ती तळहातावर घेऊन लढतात. सुरुवातीला नुसती ठिणगी येते. अनुभव वाढला की मूठ पेटते, मग निखाऱ्यावरून चालता येतं, मग उडी मारली की पायाखालून जाळाचा लोट निघतो. पण प्रत्येक आगीला एक श्वास खर्च होतो आणि श्वास मोजकेच. आणि एक व्रत घ्यायचं. ते मोडलं की आग विझली.

"ह्यां माका जाय," मी म्हटलं. माझ्या सुनेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने लिहिलेलं कुणीतरी पहिल्यांदाच मागून घेतलं होतं, हे मला नंतर उमगलं.

"नाव काय ठेवूया?"

"नाव कित्याक? कोरगावची म्हण." कोरगाव माझं माहेर.

"आणि वय? वीस लिहू?"

"बासष्ट लिही."

"आई, ती उड्या मारते हो. भिंतीवर चढते."

"मगे? बासष्टाव्या वर्सा शिकली आसतली." मी अडूनच बसले. मला वीस वर्षांची होऊन काय करायचं होतं? वीस वर्षांची मी एकदा होऊन गेलेय. तेव्हा भिंतीवर चढू दिलं नव्हतं कुणी.

व्रत काय घ्यावं यावर मी थोडा विचार केला आणि चहा सोडला. पात्राने सोडला, मी नव्हे. पण पुढे प्रत्येक रविवारी मेजावर चहाचा कोप आला की ती मास्तरीण माझ्याकडे डोळे वटारून बघायची आणि मला खरोखर चोरी केल्यासारखं वाटायचं.

पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. गोष्टीत आम्ही तिघं एका धर्मशाळेत उतरलो होतो. रात्री दरोडेखोर आले आणि गोठ्यात शिरले. मुलाने बाण सोडला. मास्तरीण मांत्रिक होती, तिने काहीतरी मंत्र टाकला. माझी पाळी आली.

"मी आग लावतंय," मी म्हटलं.

"कुठे लावता?" सुनेने विचारलं.

"त्येंच्या तोंडार!"

फासा टाकला. अठरा पडले. मी टाळ्या पिटल्या. सून मात्र गंभीर झाली आणि हळूच म्हणाली, "दरोडेखोर पळाले. पण तुम्ही गोठ्यात उभ्या आहात, आई. चारही बाजूंना वाळलेलं गवत आहे."

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. गोठा गेला, धर्मशाळेचं छप्पर गेलं, आमचं सामान गेलं. आमचे तीन घोडे आत बांधलेले होते. मुलगा कपाळाला हात लावून बसला आणि मास्तरीण इतकी हसली की तिला ठसका लागला.

मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडी भाजी चिरताना ते घोडे काही डोळ्यांसमोरून हलेनात. सून डबा भरायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"ते घोडे मेले का गो?"

ती डबा घेऊन तशीच उभी राहिली. माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं की मी थट्टा करत नाहीये. "नाही आई," ती म्हणाली. "दोर जळाला असेल की. दोर जळाला की घोडा सुटतो. पळाले असतील रानात."

"तिनूय?"

"तीनही."

"मगे ते सोधूक व्हये."

"शोधूया की. येत्या रविवारी."

त्या सकाळी तिची कंपनीची बस चुकता चुकता राहिली, कारण आम्ही घोडे कुठल्या बाजूला गेले असतील यावर बोलत बसलो. लग्न होऊन आल्यापासून आम्ही दोघी मीठ सोडून दुसऱ्या कशावर एवढं बोललो ती पहिलीच वेळ. मग रोज सकाळी काही ना काही निघू लागलं. भाजी चिरता चिरता मी विचारायची, "पाण्यात उभां राहून आग जाता काय?" ती पोळी लाटता लाटता विचार करायची आणि म्हणायची, "होते. पण दोन श्वास लागतील." आणि संध्याकाळी तसा नियम कागदावर चढलेला असायचा.

एकदा मी तिला विचारलं, की तुला हे सुचलं कुठून? ती म्हणाली, "जत्रेत, आई." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही तिला शिरगावच्या जत्रेला नेलं होतं. माझे दीर धोंड आहेत, म्हणजे देवीचे व्रतकरी. व्रत पाळतात, सोवळ्यात राहतात आणि जत्रेच्या पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात. तेव्हा तिने मला विचारलं होतं, भाजत नाही का? आणि मी, चार नातेवाइकांच्या गर्दीत, भक्ती असली की नाय भाजत, एवढं म्हणून पुढे चालू लागले होते.

"मला भाजतं की नाही ते नव्हतं विचारायचं," ती म्हणाली. "काका आदल्या दिवशी किती शांत होते ते बघितलं मी. एवढी आग समोर असणार आणि माणूस एवढा शांत. ते डोक्यात बसलं बघा." मग जरा थांबून म्हणाली, "हे देवाचं नव्हे हं, आई. खेळातलं वेगळं. ते ते, हे हे."

"माका कळता गो," मी म्हटलं. दिरांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. आगीपुढे शांत राहायला शिकवणारा खेळ असेल तर पोरांनी जरूर खेळावा, असं म्हणाले.

माझ्या यजमानांचं मात्र या खेळाशी वाकडं होतं. ते खाण कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. शिस्तीचे. "घरात फासे?" ते म्हणाले. "फाशांनी राज्यां गेली. आमचां तर चार खोल्यांचां घर!" रविवारी आम्ही बसलो की ते पेपर घेऊन बाहेर दारापुढच्या बलकावात जायचे. पण बलकाव आणि मेज यांच्यामध्ये एक जनेल, आणि ते उघडं. एका दुपारी गोष्टीत आम्ही एका पडक्या वाड्याच्या वाटेवर उभे होतो. पुढे एक बंद दार. मुलगा म्हणाला, मी दार उघडतो. आणि जनेलातून आवाज आला, "उघडू नको रे! मघाशी सूनबाय म्हणालां न्हय, आतून घोरण्याचो आवाज येता म्हणून?"

सगळ्यांनी जनेलाकडे पाहिलं. पेपर झटकन तोंडासमोर आला. मग सून अगदी साळसूदपणे म्हणाली, "बाबा, वाटेवर एक म्हातारा वाटाड्या बसलाय. त्याचं बोलणं तुम्ही बोलाल काय? मला एकटीला सगळ्यांचे आवाज काढून घसा बसतो हो."

"मी खेळूचंय नाय," हे म्हणाले. पण पुढच्या रविवारी त्यांचं कदेल दाराच्या आत आलं होतं.

सुनेची एक सवय होती. नुसतं "मारते" म्हटलेलं तिला चालायचं नाही. "कसं मारता ते सांगा, आई." मुलगा धनुष्य कसं ओढतो ते छान वर्णन करायचा. मला शब्दच सापडायचे नाहीत. एकदा मी वैतागले, उठले, पदर खोचला आणि मास्तरणीचे दोन्ही हात धरले. "असां!" म्हटलं आणि फुगडीची गिरकी घेतली. पायाला पाय लावून, अंग मागे टाकून, फू फू करत. गणेशचवथीच्या दिवसांत माहेरी आम्ही अशा घुमायचो की बघणाऱ्यांना चक्कर यायची. गुडघे आता कुरकुरतात, पण दोन-चार गिरक्या निघाल्या. मास्तरीण किंचाळत होती. मी धापा टाकत खाली बसले आणि म्हटलं, "अशी घुमता आणि प्रत्येक फू-वांगडा आग भायर येता. कळलां?"

सून उभीच होती. डोळे मोठे करून. "आई, परत दाखवा," ती म्हणाली. "माझ्याबरोबर."

मी तिचे हात धरले. तिला पाय कुठे ठेवायचे तेच माहीत नव्हतं, त्यामुळे पहिल्या फेरीला आम्ही दोघी कपाटावर आदळलो. दुसऱ्या फेरीला जमलं. संध्याकाळी निखारा पंथात नवा नियम आला: गिरकी. चारही बाजूंचे शत्रू एका श्वासात. मुलगा म्हणाला, ही तर फारच जोरकस झाली. सून म्हणाली, "जमायला कठीण आहे की. तू घेऊन बघ फुगडी."

पुढे एका सुट्टीला आम्ही सगळे तेरेखोलला गेलो. फेरीबोटीतून पलीकडे, किल्ल्यावरून समुद्र बघितला, माशांचं जेवण जेवलो. आणि त्यानंतरच्या रविवारी सुनेच्या गोष्टीत नदी आली आणि नदीपलीकडे किल्ला आला. किल्ल्यात एक राखस राहत होता. त्याने अलीकडच्या गावांतल्या सगळ्या चुलींची आग गिळली होती. गावात कुणाच्या घरी शीत शिजत नव्हतं. बोट चालवणाऱ्याचं बोलणं आमचे हे बोलले, आणि भाड्यावरून मुलाशी इतका वेळ हुज्जत घातली की सुनेला त्यांना आवरावं लागलं.

किल्ल्यात पोचलो. मुलाचे बाण राखसाच्या अंगात शिरले नाहीत. मास्तरणीचे मंत्र संपत आले. मी पुढे झाले, मूठ पेटवली आणि मारली.

"राखस हसला," सून म्हणाली. "त्याने तोंड उघडलं आणि तुमची आग गिळली. आता तो आणखी मोठा झालाय."

"मगे मी काय करतलंय?" मला रडू यायचं बाकी होतं. एवढे महिने जे जमवलं ते सगळं त्याचं खाद्य! मास्तरीणही म्हणाली, हा अन्याय आहे. सुनेने फासा माझ्यापुढे सरकवला. गोष्ट सांगताना ती माझी सून नसते. तोंडावरची रेषही हलू देत नाही.

मी डोळे मिटले. का कोण जाणे, मला कोरगावची काजूची फेणी गाळायची भाटी आठवली. हंगामात वडील रस उकळत बसायचे आणि कुणी उत्साहाने जास्त लाकडं सारली की ओरडायचे. जाळ जास्त झाला की रस उतू जाऊन नळीत चढतो आणि सगळं नासतं. खाली आग थोडीथोडीच द्यायची.

"मी तेका मारीत नाय," मी म्हटलं. "मी तेका वाढतंय."

"म्हणजे?"

"आग वाढतंय. जेवणावळीत वाढतत तशी. घे, आणखी घे. नको म्हणालास तरी घे. माझे सगळे श्वास. गिरकीवर गिरकी."

सुनेने श्वास सोडला. "सगळे श्वास एकदम? मग फासा मोठा पडला पाहिजे, आई. फार मोठा. नाहीतर तुमच्याकडे काहीच उरणार नाही."

मी फासा दोन्ही हातांत घोळवला आणि टाकला. जरा जोरातच. तो मेजावर उडी मारून खाली पडला, घरंगळला आणि भांड्यांच्या कपाटाखाली गेला.

दाराजवळ हेच बसले होते. ते उठले, गुडघे टेकले, मोबाईलचा उजेड पाडला आणि कपाटाखाली डोकं घातलं. बराच वेळ उजेड नुसता इकडेतिकडे हलत राहिला.

"बाबा?" सून म्हणाली.

"वीस," कपाटाखालून आवाज आला. मग फासा मुठीत घेऊन हे बाहेर आले आणि तो त्यांनी मेजावर ठेवला.

"खरंच वीस, बाबा?"

"म्हणजे? माझ्यार इस्वास नाय तुझो?" हे म्हणाले आणि कपाळावरची कोळिष्टकं पुसू लागले.

सुनेने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग गोष्ट सांगायला लागली. राखसाचं पोट फुगलं. तो थांब म्हणाला, पुरे म्हणाला, हात जोडले. कोरगावची थांबली नाही. शेवटी त्याने मोठ्ठा ढेकर दिला आणि गिळलेल्या सगळ्या चुली एकेक करून बाहेर आल्या, काजव्यांसारख्या उडत नदीवरून आपापल्या घरी गेल्या. मास्तरीण माझ्या गळ्यात पडली. मुलगा कदेलावर उभा राहून ओरडत होता. त्या गोंगाटात सून म्हणाली, "राखस आता माणसाएवढा झालाय. तुमच्या समोर बसलाय. रिकामा. काय करता त्याचं?"

मुलगा म्हणाला, मारून टाक. मी त्याला गप्प बसवलं. "भुकेलो आसतलो तो. आता चुली पेटल्या न्हय? तेका पेज घालतंय."

आणि दाराजवळून, अगदी खर्जातल्या राखसी आवाजात, माझे यजमान म्हणाले, "पेजेवांगडा लोणचां आसा?"

इतकं हसू मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. सुनेने तर मेजावर डोकंच टेकलं, तिचे खांदे हलत होते. गोष्ट सांगतानाची तिची ती दगडी मुद्रा त्या दिवशी पहिल्यांदा फुटली.

फाशावर खरंच वीस होते का, हे मी यांना नंतर विचारलं. "राखसान पेज खाल्ली न्हय?" ते म्हणाले. "मगे."

सुनेने पुढे निखारा पंथ नीट लिहून काढला आणि खेळणारी मंडळी जिथे असं लिहिलेलं ठेवतात त्या जागी इंटरनेटवर ठेवला. उदाहरण म्हणून पात्र दिलं आहे: कोरगावची, वय बासष्ट, व्रत चहा. कुठल्या कुठल्या शहरांतली मुलं आता ती होऊन खेळतात. एकाने लिहून विचारलं, फुगडी म्हणजे काय. आम्ही दोघींनी अंगणात घेतलेल्या फुगडीचा व्हिडिओ मास्तरणीने काढला आणि सुनेने त्याला पाठवून दिला.

चवथ झाल्यावरच्या रविवारी मी मेज पुसत होते. सून माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, नेहमी गोष्ट मीच सांगतो. मला कधी खेळायलाच मिळत नाही."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. घरभराला खेळवणारी ही मुलगी स्वतः आजवर एकदाही खेळली नव्हती.

"मगे आज मी सांगतंय," मी म्हटलं. "तू बस. तू कोण जातलंस?"

ती माझ्या कदेलावर बसली, पाय वर घेतले आणि खूप वेळ विचार केला. तलवारवाली नको, मांत्रिक नको. शेवटी म्हणाली, "माका चोर जाय."

तिचं ते "माका" ऐकून मुलाने मान वर केली. मी खाकरून घसा साफ केला आणि सुरू केलं. एक बाजार आहे. सकाळची वेळ. पाववाल्या पोदेराच्या टोपलीतून ताज्या उंड्यांचा वास येतोय, आणि टोपलीवर कुणाचं लक्ष नाही.

"किती उंडे आहेत?" चोराने विचारलं, आणि फासा उचलला.